श्रीखंडाच्या डब्यातला चोथा

आमच्या वारज्याच्या सोसायटीत माझी ओळख प्राध्यापक म्हणून नाही. चोथेवाले म्हणून आहे. नवीन भाडेकरू आला की वॉचमन त्याला पाण्याच्या वेळा सांगतो, पार्किंगची जागा दाखवतो आणि मग जिन्याजवळच्या निळ्या बादलीकडे बोट करून म्हणतो, "चहाचा चोथा इथं टाकायचा. दुसऱ्या मजल्यावरच्या सरांना लागतो."

लागतो, हे खरं आहे. कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो आणि उरलेल्या वेळात दूषित पाण्यातलं शिसं काढायच्या मागे असतो. कारखान्यांचं, बॅटऱ्या फोडणाऱ्यांचं पाणी जिथं मुरतं तिथं शिसं येतं. ते काढायला महागडी साधनं आहेत, पण ती महागडी आहेत. म्हणून माझ्यासारखे लोक जगभर कचऱ्यात हात घालून बसलेले असतात. कुणी केळीच्या साली घेतो, कुणी नारळाच्या शेंड्या, कुणी शेंगदाण्याची टरफलं. मी चोथा घेतला, कारण आमच्या घरात तो सर्वांत जास्त होतो. चोथा उकळून उकळून त्याचा रंग जाईपर्यंत धुवायचा, वाळवायचा, चाळायचा आणि शिशाच्या पाण्यात सोडायचा. शिसं त्याच्या कणाकणाला बाहेरून चिकटतं. माळावरून चालून आलं की पायजम्याला कुसळं चिकटतात ना, तसं. पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. आमच्या घरात याला "तुमचे उद्योग" म्हणतात.

बादलीचा सर्वांत जास्त त्रास तळमजल्यावरच्या ताईंना. ट्रेझरीतून निवृत्त झालेल्या, एकट्या राहणाऱ्या. बादली त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली, त्यामुळे चिलटं आधी त्यांच्याकडे जायची. पण सोसायटीत माझा चोथा सर्वांत मनापासून कुणी सांभाळला असेल तर त्यांनीच.

"सर, आमच्या चहात आलं असतं. शिशाला चालतं का?"

"चालतं, ताई."

"आणि गवती चहा?"

"काढून टाकलात तर बरं."

"अस्सं. म्हणजे शिशाला साधा चहा लागतो. सासरच्या माणसांसारखं आहे तुमचं शिसं."

त्यांच्या खिडकीसमोर एक कढीपत्त्याचं झाड होतं. बिल्डिंगचा रंगही वाळला नव्हता तेव्हा ताईंनी लावलेलं. पहिल्या मजल्याच्या गॅलरीपर्यंत पोचलं होतं. सगळ्या बिल्डिंगच्या फोडण्या त्या झाडावर चालायच्या. ताईंचा नियम एवढाच की फांदी ओरबाडायची नाही, डहाळी खुडायची, आणि खुडताना खिडकीतून दिसेल असं उभं राहायचं. मी त्यांना एकदा मोठ्या थाटात सांगितलं होतं की धुतलेला चोथा झाडाला फार चांगला. माझ्याकडे जादा झाला की त्या तो न्यायच्या. माझ्या एकंदर संशोधनाचा समाजाला झालेला तेवढाच थेट उपयोग.

तर मागच्या वर्षी आमच्या कॉलेजात समिती येणार होती. समिती येणार म्हणजे काय, हे ज्यांनी कॉलेजात नोकरी केली आहे त्यांना सांगायला नको आणि इतरांना सांगून कळायचं नाही. भिंती रंगवल्या, कुंड्या आल्या, आणि विभागप्रमुखांनी हुकूम काढला की टेबलं रिकामी दिसली पाहिजेत. प्रयोगशाळेचं टेबल रिकामं असेल तर तिथं काही काम होत नाही असा अर्थ होतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "समितीला अर्थ नको असतो, जागा हवी असते."

मग मी माझा पसारा पिशवीत भरून स्कूटरवरून घरी आणला. त्यात श्रीखंडाचे दोन डबे होते. माझं निम्मं संशोधन श्रीखंडाच्या डब्यांत आहे. आमच्याकडे श्रीखंड त्यासाठीच आणतात असा बायकोचा आरोप आहे आणि तो पूर्ण खोटा नाही. एका डब्यात नुसता धुतलेला चोथा होता. दुसऱ्यात शिसं खाऊन तृप्त झालेला. दोन्ही ओलसर होते म्हणून झाकणं किलकिली करून गच्चीवर कठड्यापाशी उन्हात ठेवले. दोन्ही चोथे दिसायला सारखे. डबे सारखे. फक्त शिशाच्या डब्याच्या बुडाशी गरम काचकांडी टेकून एक डाग पडला होता. त्यावरून मला कळायचं. मला, म्हणजे फक्त मला.

मी वर्गात पहिल्या दिवशी काय सांगतो माहीत आहे? "ज्या बाटलीवर चिठ्ठी नाही, ती बाटली विष आहे असं समजा." हे सांगताना मी एक बोटही वर करतो.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात समितीची रंगीत तालीम चालली होती. आमच्यातलेच दोघं समिती झाले होते आणि खऱ्या समितीपेक्षा जास्त त्रास देत होते. तेवढ्यात ताईंचा फोन.

"सर, गच्चीवर पापड घालायला आले होते. चोथ्याचा डबा दिसतोय. झाडाला नेऊ का?"

"न्या, न्या," मी म्हणालो.

कोणता, हे त्यांनी विचारलं नाही. कारण त्यांना चोथा एकाच प्रकारचा असतो असं वाटत होतं, आणि मीच तसं वाटू दिलं होतं. दोन डबे दिसताहेत असंही त्या म्हणाल्या नाहीत. दुसरा वाऱ्याने कलंडून टाकीमागे गेला होता, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. मी फोन ठेवला आणि समितीला माझ्या प्रकल्पाची सामाजिक बांधिलकी समजावून सांगू लागलो.

समिती आली, जेवली, गेली. ताईंनी साधा चोथा नेला असं धरून, बूड न बघताच मी टाकीमागचा डबा उचलून कॉलेजात नेला आणि पुढचा प्रयोग लावला. पुढचा प्रयोग म्हणजे त्या चोथ्याला सौम्य आम्लाने धुऊन चिकटलेलं शिसं पुन्हा सोडवून घ्यायचं, म्हणजे चोथा परत वापरता येतो. माझ्या निबंधाचा हाच तर तुरा होता. हडपसरच्या एका परिसंवादात मी छाती फुगवून सांगितलं होतं की आमचा चोथा शिसं पटकन धरतो आणि जरा आंबट काही लागलं की पटकन सोडतो. टाळ्याही पडल्या होत्या.

आता मात्र शिसं सुटेना. मी आम्ल बदललं. भांडी बदलली. यंत्रवाल्याला बोलावून यंत्र तपासून घेतलं आणि त्याच्याशी भांडलो. डबा बदललाय, हे काही डोक्यात आलं नाही. चोथा इतका घट्ट कसा धरतोय, या नवीन शोधावर वेगळा निबंध लिहावा का, इथपर्यंत मी पोचलो होतो.

त्या दरम्यान ताईंची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. हडपसरलाच एका आयटी कंपनीत आहे. तिथून सुट्टी घेऊन आलेली. डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं आणि ताईंनी गोळ्यांच्या जोडीला कढीपत्त्याची चटणी सुरू केली. रोज, दोन्ही जेवणांत.

आणि एका रविवारी सकाळी आमच्या टेबलावर थालीपीठ होतं, लोण्याचा गोळा होता आणि श्रीखंडाच्या डब्यात हिरवीगार चटणी होती.

"ताईंनी पाठवली," बायको म्हणाली. "तुमचा डबा रिकामा कसा द्यायचा म्हणाल्या."

मी पहिलं थालीपीठ चटणीशी खाल्लं. दुसरं मागितलं. "ताईंच्या हाताला चव आहे," असंही म्हणालो, जे घरी म्हणू नये. चटणी तळाला गेली होती म्हणून डबा तिरका करून चमच्याने ओढायला लागलो आणि बुडाचा डाग दिसला.

"काय झालं? केस निघाला का?"

मी डबा उलटा केला, सुलटा केला. मग गच्ची, फोन, "न्या न्या", न सुटणारं शिसं, सगळं एकदम समोर आलं. बायकोला सांगितलं तेव्हा तिने आधी माझ्या ताटाकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

"मग खाली जा," ती म्हणाली.

"आधी तपासून बघतो. खात्री नको का? उगीच घाबरवायचं..."

"तपासायला किती वेळ लागेल?"

"दोन-तीन दिवस."

"तेवढे दिवस ती पोरगी चटणी खाईल."

खरं सांगायचं तर मला ते सुचलं नव्हतं असं नाही. सुचलं होतं. खात्री हा शब्द मी विज्ञानासाठी वापरत नव्हतो. जिना उतरायला लागू नये म्हणून वापरत होतो.

उतरलो. ताई मेथी निवडत बसल्या होत्या. मुलगी दिवाणावर पाय वर घेऊन चिवडा खात होती, त्यात तळलेली कढीपत्त्याची पानं.

"या सर. संपली वाटतं चटणी?"

"ताई, तो डबा..."

"धुतलाय हो. साबणाने, मग गरम पाण्याने. तुमच्या चोथ्याची चव नाही लागायची."

मी बोलायला लागलो. काय बोलत होतो कोण जाणे. समितीपासून सुरुवात केली, मग पृष्ठभाग, मग जड धातू. ताईंनी हातातली जुडी खाली ठेवली.

"सर, हा वर्ग नाही. काय झालंय ते सांगा."

"तुम्ही झाडाला घातलेल्या चोथ्यात शिसं होतं."

"आमच्या चोथ्यात?"

"चोथा तुमचा. शिसं माझं."

मुलीचा हात वाटीत थांबला. "काका, लेड? म्हणजे ते पेंटमध्ये असतं ते?" तिने वाटी बाजूला ठेवली आणि फोन उचलला. ती वाचत होती आणि मी तिच्या अंगठ्याकडे बघत होतो. काय वाचतेय ते मला पाठ होतं. शिशावरचा प्रत्येक निबंध त्याच वाक्याने सुरू होतो, की हे लहान मुलांना आणि पोटातल्या बाळांना सर्वांत घातक असतं. ते वाक्य मीही लिहिलं होतं. दर वेळी मागच्या निबंधातून उचलून पुढच्यात टाकायचो, लग्नपत्रिकेवरच्या गणपतीसारखं. ते कुणी वाचतही असेल, ही कल्पनाच नव्हती.

"बाळाला काही होईल का?" तिने विचारलं.

मला प्रत्येक प्रश्नाचं उत्तर येतं, अशी माझी ख्याती आहे. मी म्हणालो, "रक्त तपासून घेऊ."

"मी ते नाही विचारलं, काका."

मग मी ताईंकडे वळलो, कारण तिच्याकडे बघवेना. "झाडाला तुम्ही नुसतं पाणीच घालता ना?"

"पाणी घालते. आणि आंबट ताक. कढीपत्त्याला ताकच लागतं. तुमच्याकडे नाही घालत?"

जवळच स्टूल होतं, त्यावर मी बसलो. जरा आंबट काही लागलं की आमचा चोथा शिसं पटकन सोडतो. टाळ्या.

त्याच दिवशी मुलीचं रक्त तपासायला दिलं. ताईंचं आणि आम्हा दोघांचंही दिलं. पानं, चटणी आणि बुंध्याजवळची माती मी डब्यांत भरली. या खेपेला काचेच्या, आणि प्रत्येकावर चिठ्ठी लावून. तपासायला मात्र दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राकडे दिली. आकडा कमी यावा असं ज्याला इतकं वाटतंय त्याने यंत्राजवळ उभं राहू नये, एवढी अक्कल उरली होती.

सोसायटीच्या ग्रुपवर निवेदन टाकलं. त्यात मी "अनवधानाने संक्रमित झालेला अधिशोषक" असं लिहिलं. सेक्रेटरींनी खाली विचारलं, "म्हणजे कढीपत्ता खायचा की नाही, एका शब्दात सांगा." मी "नाही" लिहिलं. मग घरोघर गेलो. लोक चिडतील अशी तयारी करून गेलो होतो, पण तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांनी चहा दिला आणि चोथा दाखवून म्हणाले, "हा आता आम्हीच ठेवून घेतो."

झाडावर मी पुठ्ठ्याची पाटी बांधली: "पाने तोडू नयेत. शिसे आहे." बांधत होतो तेव्हा ताई खिडकीत होत्या.

"डब्यावर लावली असतीत, तर झाडावर लावावी लागली नसती," त्या म्हणाल्या.

हा मला मिळालेला शेवटचा टोमणा. तेव्हा ते माहीत नव्हतं. तेव्हा नुसता झोंबला.

पाटी असूनही कुणीतरी डहाळी खुडली. त्यावर सेक्रेटरी म्हणाले, झाडच काढून टाकू. मीही लगेच हो म्हणालो. त्या दिवसांत मला काहीतरी करायचं होतं, अंग मोडेपर्यंत. ताईंना विचारायला गेलो.

"काढायलाच हवं?"

"शिसं मुळांत बसतं, ताई."

"मग काढा," त्या म्हणाल्या आणि खिडकी लावून घेतली.

मजूर बोलवावा असं सगळे म्हणत होते. त्याच्या हाताला माझं शिसं कशाला, म्हणून मास्क लावून, हातमोजे घालून मी स्वतःच कुदळ घेतली. मला कुदळ चालवता येत नाही. गॅलऱ्यांतून बायका बघत होत्या. बुंधा हलेना, मी पलीकडून खणलं, अलीकडून खणलं, एकदा स्वतःच्याच बुटावर मारली. शेवटी झाड पडलं तेव्हा सगळ्या आवारात कढीपत्त्याचा वास सुटला. जणू कुणी मोठ्ठी फोडणी दिली. माती पिंपांत भरून घातक कचऱ्याच्या गाडीकडे द्यायला कॉलेजात नेली. पिंपांवर तिन्ही बाजूंनी चिठ्ठ्या चिकटवल्या.

मित्राचा निकाल झाड पडल्यानंतर आला. वरच्या मातीत शिसं भरपूर. पानांत जवळजवळ नाही. चटणीत किंचित, बहुधा डब्याचं किंवा हातांना लागलेलं. म्हणजे ताकाने काही सुटलं नव्हतं. चोथ्याने शिसं घट्ट धरून ठेवलं होतं. माझा निष्कर्ष, टाळ्या पडलेला, निदान आमच्या आवारात तरी सपशेल चुकला होता. आणि मला इतका आनंद झाला की मी कागद घेऊन जिन्यावरून धावत खाली गेलो. मागोमाग मुलीचाही अहवाल आला होता. डॉक्टर म्हणाले होते, काळजीसारखं काही नाही, एकदा पुन्हा बघू.

"पानांत काही नव्हतंच!" मी दारातूनच ओरडलो.

मुलीने डोळे मिटले आणि पोटावर हात ठेवला. मग म्हणाली, "मग काका, झाड उगीचच काढलं?"

मी म्हणालो, माती काढायला हवीच होती. माती काढायची तर मुळं दुखावलीच असती. हे सगळं खरं आहे. पण चार दिवस थांबून, वरचा थर हळूहळू खरवडून, झाड कदाचित ठेवता आलं असतं, हेही खरं आहे. आणि थांबलो नाही याचं कारण शिसं नव्हतं. खिडकीतून सगळ्यांना दिसेल असं काहीतरी प्रायश्चित्त मला हवं होतं, आणि ते मी ताईंच्या झाडावर उरकून घेतलं.

ताई माझ्याकडे बघत होत्या. मी टोमण्याची वाट पाहिली. त्या म्हणाल्या, "बसा सर. पाणी देते."

दुसरा अहवालही चांगला आला. बाळ वेळेवर झालं, मुलगी, वजन छान, आवाज त्याहून छान. तळमजल्यावर रडली की आमच्या गॅलरीत ऐकू येते. मी अजून तो आवाज ऐकला की आधी कान देऊन ऐकतो, बरोबर आहे ना. रडण्यात काय बरोबर असायचं ते मला ठाऊक नाही.

बारशाच्या संध्याकाळी आम्ही खाली गेलो, बाळाच्या हातात पाकीट ठेवलं, पाळण्याला हात लावला. मी उभा होतो तिथून खिडकीतून बुंध्याची जागा दिसत होती. नवी माती टाकली आहे, त्यात काही लावलेलं नाही. निळी बादली तिथंच आहे, कोरडी. कुणी काढ म्हणालं नाही, कुणी काही टाकतही नाही.

दुसऱ्या दिवशी ताई घुगऱ्या वाटायला निघाल्या. जिन्यात स्टीलचे डबे वाजत होते. समोरच्या दारात त्या म्हणाल्या, "डबा राहू दे, सावकाश द्या," आणि समोरच्या वहिनी म्हणाल्या, "रिकामा नाही हो देणार." मग आमची बेल वाजली. मीच दार उघडलं.

ताईंच्या हातात कागदी वाटी होती, वरून फॉइल लावलेली. डब्यांच्या पिशवीतून नाही, वेगळ्या पिशवीतून काढलेली.

"गरम आहेत," त्या म्हणाल्या.

"वाटी आणून देतो, ताई," मी म्हणालो. तोंडातून सवयीने गेलं.

"नको सर. परत करायची नाही ती. टाकून द्या."

अगदी सरळ म्हणाल्या. आवाजात जराही आंबट नव्हतं.